गंभीर आजारी मुलांच्या उन्हाळी शिबिरात सोबती म्हणून जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणाचा तरी फोन येतोच. "ते तुमचं कॅन्सरच्या मुलांचं शिबिर असतं ना, मलाही यायचंय." मग तेच प्रश्न आणि तीच उत्तरं. गेले नऊ उन्हाळे मी अमेरिकेच्या ईशान्येकडच्या अशा एका शिबिरात आठवडाभर जातो आहे, तेव्हा एकदा सगळं लिहूनच काढलं. यातलं बरंचसं अमेरिकेपुरतं खरं आहे. आयर्लंड-इंग्लंडमधल्या मंडळींसाठी जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे. मुलांच्या गोष्टींमध्ये ओळख पटेल असं सगळं बदललेलं आहे.

१. हे शिबिर म्हणजे नक्की काय? हॉस्पिटलचीच शाखा की नुसती सहल?

बाहेरून सहल, आतून हॉस्पिटल. अभिनेता पॉल न्यूमनने १९८८ मध्ये कनेटिकटमधल्या अ‍ॅशफर्डला 'होल इन द वॉल गँग कॅम्प' सुरू केला. हे नाव 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड' या त्याच्या चित्रपटातल्या दरोडेखोरांच्या टोळीचं. म्हणून ते शिबिर काउबॉयच्या गावासारखं बांधलं आहे आणि तिथल्या दवाखान्याचं नाव 'ओके कोराल' आहे. कॅलिफोर्नियातल्या 'पेंटेड टर्टल' या अशाच शिबिराचा दवाखाना 'वेल शेल', तर मोटारशर्यतीच्या थाटात उभारलेल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या 'व्हिक्टरी जंक्शन'चा 'बॉडी शॉप', म्हणजे गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. गंमत वाटते, पण त्यामागे हेतू आहे. वर्षभर हॉस्पिटलच्या खेपा घालणाऱ्या मुलाला पुन्हा तीच पाटी दिसू नये. डॉक्टर, नर्स, ऑक्सिजन, औषधं हे सगळं तिथे असतं, फक्त नजरेत भरत नाही.

न्यूमनच्या मूळ शिबिरातून निघालेली ही शिबिरं आता 'सिरियसफन' या नावाखाली अनेक देशांत आहेत. आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यातलं 'बॅरेट्सटाउन' १९९४ पासून चालू आहे. या शिबिरांत मुलांच्या घरच्यांकडून एक पैसाही घेत नाहीत. कॅन्सर, सिकल सेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार), हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार), अवयव प्रत्यारोपण झालेली मुलं असे आठवडे वाटलेले असतात. काही ठिकाणी एक आठवडा फक्त आजारी मुलांच्या भावाबहिणींचा असतो. त्या आठवड्याला स्वयंसेवक कमी मिळतात, कारण नाव ऐकून लोकांना तो 'खरा' वाटत नाही. माझ्या मते सगळ्यात अवघड आठवडा तोच.

एकेका आजारापुरती शिबिरं याहून जुनी आहेत. मधुमेही मुलांचं अमेरिकेतलं पहिलं शिबिर मिशिगनमध्ये १९२५ साली भरलं, म्हणजे इन्सुलिनचा शोध लागल्यावर अवघ्या चार वर्षांनी.

२. सोबती म्हणून मला तिथे करायचं काय असतं?

आपल्याकडे घरात एकटी बाई असली की शेजारच्या मुलीला "रात्री सोबतीला ये गं" म्हणायचे. ती मुलगी काही करायची नाही. यायची, गप्पा मारायची, झोपायची. ती घरात आहे एवढंच पुरायचं. या कामाचा गाभा नेमका तो आहे, आणि कर्तबगार माणसांना तोच जड जातो.

प्रत्यक्षात तुम्हाला एक कॅबिन मिळते. त्यात आठ-दहा मुलं आणि तीन-चार मोठी माणसं असतात. सकाळी मुलांना उठवायचं, जेवणघरात न्यायचं, नर्स औषधं देत असताना रांगेतला धिंगाणा आवरायचा, मग धनुष्यबाण, मासेमारी, घोडे, सुतारकाम, नाटक. दुपारी जेवणानंतर सक्तीची विश्रांती, रात्री शेकोटी. निजण्याआधी दिवे मालवून कॅबिनमध्ये गोल करून बसायचं आणि एखाद्या प्रश्नावर एकेकानं बोलायचं. कुणी नाही बोललं तरी चालतं. या सगळ्यात तुमचा हात जितका कमी दिसेल तितकं काम चांगलं झालं. व्हीलचेअरमधल्या मुलाचा बाण तुम्ही सोडून दिलात, तर मजा तुम्हाला आली, त्याला नाही. तो दहा वेळा चुकेल, तर दहा वेळा बाण आणून द्यायचे.

३. मला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही. चालेल?

चालेल, उलट बरंच. औषध देणं, पट्टी बदलणं, ताप मोजणं यांतलं काहीही सोबत्यानं करायचं नसतं. तुमच्याकडून एकच अपेक्षा असते: काल बडबड करणारं मूल आज गप्प का आहे, हे पहिल्यांदा तुमच्या लक्षात यावं आणि तुम्ही ते नर्सला लगेच सांगावं. "उगाच कशाला त्रास द्यायचा" हा आपला भिडस्तपणा तिथे घातक ठरतो. आजारांबद्दल जे किमान माहीत असावं, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

४. मी स्वतः डॉक्टर आहे. मग तर मला सहज घेतील ना?

डॉक्टर म्हणून जायचं असेल तर त्या राज्याच्या परवान्यापासून सुरुवात करावी लागते आणि तो अर्ज वेगळा असतो. बरेच डॉक्टर साधे सोबती म्हणून येतात, आणि चांगलेही ठरतात. अट एवढीच की स्टेथोस्कोप घरी ठेवायचा. एकदा आमच्या कॅबिनमधले एक निष्णात गृहस्थ एका मुलाच्या पोटावरच्या व्रणाकडे पाहून शस्त्रक्रियेबद्दल विचारायला लागले. मुलगा म्हणाला, "आज माझी सुट्टी आहे." तेव्हापासून ते गृहस्थ बॅडमिंटन शिकवतात.

५. माझा मुलगा अकरावीत आहे. कॉलेजच्या अर्जासाठी हे चांगलं दिसेल, त्याला पाठवू का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून सरळ सांगतो. नको. बहुतेक ठिकाणी सोबत्याचं किमान वय अठरा किंवा एकोणीस असतं, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. म्हणजे तसंही घेणार नाहीत. आणि वय बसलं तरी, अर्जात एक ओळ वाढावी म्हणून आलेलं पोर मुलांना दुसऱ्या दिवशी कळतं. या मुलांनी आयुष्यभर आपल्याभोवतीच्या मोठ्यांचे चेहरे वाचलेले असतात. तुमच्या मुलाला खरंच ओढ असेल तर ती दोन वर्षं टिकेल. कॉलेजात गेल्यावर तो उन्हाळाभराच्या पगारी नोकरीसाठी थेट अर्ज करू शकतो.

वरच्या वयाला मात्र बंधन नसतं. निवृत्त झालेले काका-काकू चांगले चालतात, फक्त चढउतार आणि रात्रीची अर्धवट झोप झेपली पाहिजे.

६. मी एच-१बी वर आहे, बायको एच-४ वर. व्हिसाची अडचण येते का?

जे काम कुणीच पगार घेऊन करत नाही, ते धर्मादाय संस्थेसाठी विनामोबदला करायला साधारणपणे आडकाठी नसते. खोच आहे ती 'मोबदला' या शब्दात. शिबिर राहण्या-जेवणाची सोय करतं आणि काही ठिकाणी प्रवासखर्चही देऊ करतात. शिवाय त्याच जागेवर उन्हाळ्यात पगारी मुलंही काम करत असतील, तर प्रश्न आणखी नाजूक होतो. म्हणून अर्ज करण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाका आणि उत्तर लेखी घ्या. एफ-१ वाल्यांनी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारावं. मंडळातल्या "अरे, काही होत नाही" म्हणणाऱ्यांवर विसंबू नका, माझ्यावरही नको.

७. अर्ज केल्यापासून निवड होईपर्यंत काय काय होतं?

अर्ज, दोन-तीन ओळखीच्यांची शिफारस, मुलाखत, पार्श्वभूमीची पोलीस तपासणी, आरोग्याचा फॉर्म आणि मग प्रशिक्षण. शिफारस नातेवाइकांची चालत नाही. मुलाखतीत "तुम्ही चिडता तेव्हा काय करता?" असं विचारतील. "मी चिडतच नाही" हे उत्तर देऊ नका. कुणीच विश्वास ठेवत नाही.

आपल्या लोकांचं घोडं अडतं ते पत्त्यांपाशी. गेल्या काही वर्षांत जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते मागतात आणि त्यात पुण्यातली दोन भाड्याची घरंही येतात. आयर्लंडमध्ये गार्डा व्हेटिंग, म्हणजे तिथल्या पोलिसांची तपासणी, असतं आणि परदेशात बराच काळ राहिलेल्यांना त्या देशाच्या पोलिसांचा दाखलाही लागू शकतो. इंग्लंडमध्ये डीबीएस या सरकारी यंत्रणेकडून गुन्हे-नोंदींची तपासणी होते. भारतातला पोलीस क्लिअरन्स दाखला वकिलातीमार्फत मिळतो, पण जूनमध्ये शिबिर आणि मेमध्ये अर्ज असं करू नका. जानेवारीत सुरू करा.

८. लसींचे कागद मागतात. माझ्याकडे लहानपणचं लसीकरणाचं कार्डच नाही. आणि टीबीची चाचणी पॉझिटिव्ह आली तर?

या प्रश्नाला जरा वेळ देतो, कारण भारतात वाढलेल्या जवळजवळ प्रत्येकाला इथे ठेच लागते.

टीबी: आपल्याला जन्मतः बीसीजी टोचलेली असते, दंडावरचा तो वण. त्यामुळे त्वचेखाली टोचून करायची टीबीची चाचणी आपल्यात उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे आणि पुढचा सगळा घोळ. रक्ताची आयग्रा चाचणी बीसीजीमुळे फसत नाही. डॉक्टरांना आधीच सांगून तीच करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका. सुप्त जंतू असणं वेगळं आणि आजार असणं वेगळं. डॉक्टर पुढचं पाहतील.

कांजिण्या: लहानपणी येऊन गेल्या असतील, आईला तारखेसकट आठवतही असेल, पण आईची आठवण कागद म्हणून चालत नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या. भारतात कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नसल्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी ती घेतलेलीच नाही. तपासणी नकारात्मक आली तर लसीचे दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे.

गोवर-गालगुंड-रुबेला: तेच. लहानपणी फक्त गोवराची लस मिळालेली असू शकते. तपासणी करा किंवा सरळ दोन डोस घ्या.

एवढं कडक का? केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रत्यारोपण झालेल्या मुलाला कांजिण्या म्हणजे अंगावर चार फोड आणि कडुलिंबाचा पाला नव्हे. त्या फुप्फुसात आणि यकृतात उतरू शकतात. नुसता संपर्क आला तरी अशा मुलाला धावपळ करून प्रतिबंधक औषध द्यावं लागतं.

९. किती दिवस काढावे लागतात? आणि स्वतःचा किती खर्च येतो?

उन्हाळ्यातलं एक सत्र प्रशिक्षण धरून आठवड्याच्या आसपास. राहणं-जेवण शिबिराचं, प्रवास बहुधा आपला. एवढी सुट्टी निघत नसेल, किंवा जमेल की नाही अशी धाकधूक असेल, तर वसंतात किंवा शरदात शनिवार-रविवार धरून होणाऱ्या कुटुंब-शिबिरापासून सुरुवात करा. तिथे तुम्हाला एक अख्खं कुटुंब नेमून देतात. त्यांच्याबरोबर जेवायचं, मुलांना खेळात न्यायचं आणि आई-बाबांना दोन तास कॉफी पीत नुसतं बसू द्यायचं. मी सुरुवात अशीच केली. एक आई त्या दोन तासांत खुर्चीवरच झोपली. आम्ही तिच्याभोवती चवड्यांवर चालत होतो.

१०. मी पूर्ण शाकाहारी आहे. आणि मुलांसाठी घरचे लाडू नेले तर?

शाकाहारी जेवण मिळतं. वैविध्याची अपेक्षा ठेवू नका. लाडू नेऊ नका. शेंगदाणे, काजू, तीळ यांची अ‍ॅलर्जी असलेली मुलं असतात. काहींच्या जेवणातलं मीठ, साखर किंवा पोटॅशियम मोजलेलं असतं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना बाहेरचं काहीही चालत नाही. हाच नियम तीर्थ, प्रसाद, अंगारा, आवळ्याचा रस, गुळवेल आणि "आमच्या ओळखीतले एक वैद्य आहेत" यांना लागू.

११. मला नाचता-गाता येत नाही, इंग्रजीही जेमतेम. संकोच वाटतो.

पहिल्या जेवणालाच शंभर-दीडशे माणसं बाकांवर हात आपटत एक निरर्थक गाणं म्हणतात. तुम्ही ताट धरून उभे असता आणि वाटतं, कुठे आलो. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल वाजायला लागले की शेजारचे बँकेतले साहेब कसे नाचतात ते आठवा. कुणी त्यांचं नृत्य बघत असतं का? पाय चुकणारा मोठा माणूस या मुलांना फार आवडतो, कारण एरवी ज्यांचं शरीर ऐकत नाही ती नेहमी हीच मुलं असतात.

इंग्रजीचं म्हणाल तर माझे उच्चार ही माझ्या कॅबिनची हक्काची करमणूक आहे. पावसाळी दुपारी मी चोर-शिपाई-राजा-प्रधानाच्या चिठ्ठ्या काढतो. बसून खेळता येतं, हात थरथरत असले तरी चालतं, आणि चोर झालेल्याला खोटं बोलायची परवानगी असते. 'शिपाई' हा शब्द आमच्या शिबिरातल्या निदान पन्नास अमेरिकन मुलांना येतो.

१२. अशा मुलांशी बोलताना काय बोलू नये?

'बिचारं' हा शब्द गेटबाहेर ठेवून यायचा, मनातलाही. नंतर या गोष्टी:

"काय झालंय तुला?" हा प्रश्न विचारायचा नाही. मूल आपणहून सांगेल तर ऐकायचं. बहुतेक वेळा ते आधी त्याच्या कुत्र्याबद्दल सांगतं.

"किती शूर आहेस!" हेही नको. ते हॉस्पिटलात ऐकून कान किटलेले असतात. मासा पकडल्याबद्दल कौतुक करा, सुई टोचून घेतल्याबद्दल नको.

"देव करतो ते चांगल्यासाठी", "मागच्या जन्मीचं" हे चुकूनही नको. आपल्याकडे हे सहज तोंडातून येतं, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

गालगुच्चे घेणं, डोक्यावरून हात फिरवणं, उचलून घेणं बंद. डोक्यावर टोपी असेल तर तिच्याखाली काय आहे ते दाखवायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आमच्या शिबिरात एका मुलीने चार दिवस केसांचा टोप काढला नाही, पाचव्या दिवशी तो सरळ माझ्या टकलावर ठेवला आणि म्हणाली, तुला जास्त गरज आहे. मी दिवसभर तसाच फिरलो. कुणी काही विचारलं नाही.

१३. आजारांबद्दल मला निदान काय माहीत असावं?

प्रशिक्षणात सांगतात. पण आधी डोक्यात असलेलं बरं.

सिकल सेल: विदर्भ-खानदेशातल्या मंडळींना हा शब्द सांगायला नको. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे तो घरोघरी ठाऊक आहे. इथे अमेरिकेत तो प्रामुख्याने कृष्णवर्णीय कुटुंबांत दिसतो. पाणी कमी पडलं, गारठा लागला किंवा फार दमछाक झाली की कोयत्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा सुरू होतात. म्हणून अशा शिबिरांत पोहण्याच्या तलावाचं पाणी गरम ठेवतात, बाहेर आल्या आल्या कोरडा टॉवेल मिळतो, आणि सोबत्याच्या हातात कायम पाण्याची बाटली असते. दिवसातून वीसदा "पाणी प्या" म्हणणं हे माझं तिथलं खरं पद आहे.

कॅन्सर: केमो चालू असताना किंवा छातीत सेंट्रल लाइन (औषधासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असताना १००.४ फॅरेनहाइट ताप म्हणजे तातडीची बाब. क्रोसिन देऊन बघू, हा प्रकार नाही. काही औषधांनी कातडी उन्हाला फार नाजूक होते, त्यामुळे सनस्क्रीन आणि टोपी यांवर वाद घालू द्यायचा नाही.

हिमोफिलिया: पडलं, आपटलं की रक्त बाहेर दिसत नसलं तरी सांगायचं, कारण ते सांध्यात साचतं. या आठवड्यात बरीच मुलं स्वतःचं इंजेक्शन शिरेत स्वतः घ्यायला शिकतात, आणि पहिल्यांदा जमलेल्याचा जेवणघरात सत्कार होतो. पाठ्यपुस्तकातल्या धड्याने जे होत नाही ते शेजारच्या पलंगावरच्या नऊ वर्षांच्या पोराला बघून होतं.

फेफरं: घड्याळ बघायचं, कुशीवर वळवायचं, आसपासच्या टोकदार वस्तू दूर करायच्या, नर्सला हाक मारायची. तोंडात काही घालायचं नाही. कांदा आणि चप्पल हुंगवायची नाही.

१४. रात्री मूल रडायला लागलं, घरी जायचं म्हणालं तर?

पहिल्या दोन रात्री कुणीतरी रडतंच. फोन जोडून देण्याची घाई करू नका. आईचा आवाज ऐकून रडं वाढतं. जवळ बसा, "रडू नको" म्हणू नका, उद्या सकाळचा एखादा ठोस बेत सांगा. यातल्या काही मुलांनी आईशिवाय एकही रात्र काढलेली नसते, हॉस्पिटलातही नाही. त्यामुळे इथे रडण्याचा अर्थ वेगळा असतो. दुखतंय म्हणून रडतंय का, ही शंका मात्र आधी फेडून घ्यायची (प्रश्न ३).

अंथरूण ओलं झालं तर सगळे नाश्त्याला गेल्यावर चादर बदलायची. त्या मुलाशीही त्याबद्दल बोलायचं नाही, तेच बोललं तर गोष्ट वेगळी.

१५. उंच दोरीवर चढायला मूल नाही म्हणालं. थोडा आग्रह करावा का? नंतर त्यालाच बरं वाटेल.

नाही. या मुलांच्या आयुष्यात 'नाही' म्हणायची सोय जवळपास नसते. सुईला नाही म्हणता येत नाही, औषधाला नाही, स्कॅनला नाही. दोरीला नाही म्हणता आलं, हाच त्याचा त्या दिवसाचा विजय असू शकतो. कुठवर चढायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पहिल्या पायरीला हात लावून परत आलेल्याला शेवटापर्यंत गेलेल्याइतक्याच टाळ्या मिळतात. आपण "एवढं तर कर, बघ ते बाकीचे" या वाक्यावर वाढलेली माणसं. मला हे शिकायला तीन उन्हाळे लागले.

अपवाद: पाणी पिणं, सनस्क्रीन, हेल्मेट, औषधाची वेळ. तिथे निवड नसते.

१६. "मी मरणार आहे का?" असं मुलानं विचारलं तर काय सांगायचं?

लोकांना वाटतं तितक्या वेळा हा प्रश्न येत नाही. मला नऊ वर्षांत दोनदा आला, दोन्ही वेळा रात्री, दिवे मालवल्यावर. "छे, असं बोलू नये" म्हणून तोंड दाबायचं नाही आणि "तू शंभर वर्षं जगशील" असं खोटंही सांगायचं नाही. "तुला त्याबद्दल विचार येतोय का?" एवढं विचारून गप्प बसायचं. पुढे मूलच बोलतं, आणि बरेचदा जे बोलतं ते मरणाबद्दल नसतं. एकाला काळजी होती की त्याची सायकल धाकट्या भावाला मिळेल आणि तो ती नीट ठेवणार नाही. आम्ही सायकलवर अर्धा तास बोललो. सकाळी हे शिबिरातल्या मानसोपचार पाहणाऱ्यांच्या कानावर घालायचं. हे गुपित ठेवायचं नसतं, आणि ते तुम्ही मुलालाही आधीच सांगितलेलं असावं.

१७. फोटो काढता येतात का? नंतर मुलांशी संपर्क ठेवता येतो का?

दोन्हीला नाही. फोन पेटीत जमा होतो किंवा खोलीत राहतो. फोटो शिबिराचे लोक काढतात आणि घरच्यांना पाठवतात. एखाद्या मुलाला एकट्यालाच भेटवस्तू देणं, फेसबुकवर जोडून घेणं, घरचा पत्ता देणं मना आहे. मुलाबरोबर एकट्यानं कुणाच्या नजरेआड राहायचं नाही, नेहमी तिसरं कुणीतरी हवं. मिठी मुलानं मागितली तर कडेनं, थोडक्यात. आपल्या मनमोकळ्या माणसांना हे कोरडं वाटतं. पण हे नियम तुमच्यावर संशय घेऊन केलेले नाहीत, ते सगळ्यांना सारखे आहेत, आणि आपल्या पोराला आठवडाभर अनोळखी माणसांच्या हाती सोपवणाऱ्या आईच्या जागेवरून पाहिलं की पटतात.

घरच्यांनी स्वतःहून संपर्क साधला तर? तरीही शिबिराच्या कार्यालयाला विचारून मगच.

१८. पुढच्या वर्षी ते मूल दिसलं नाही तर विचारायचं का?

विचारू शकता, कार्यालयात, शांतपणे. बरेचदा वय उलटून गेलेलं असतं, किंवा ते मूल बरं होऊन फुटबॉलच्या शिबिराला गेलेलं असतं, याचा राग येतो आणि आनंदही. कधीकधी तसं नसतं. तेव्हा ते लोक तुम्हाला बसवून सांगतात. रडू येतं. आमच्याकडे तळ्याकाठी त्यासाठी एक बाक आहे. नव्या आलेल्या मुलांसमोर तेवढं सांभाळायचं.

१९. आमच्याच घरात हे घडून गेलं आहे. मी येऊ का?

या, पण लगेच नको. मूल किंवा भावंड गमावल्यानंतर किंवा स्वतःचे उपचार संपल्यानंतर निदान एखादं वर्ष जाऊ द्या. मुलाखतीत हे लपवू नका. आमचे काही उत्तम सोबती लहानपणी याच शिबिरात आलेली मुलं आहेत. प्रश्न दुःख असण्याचा नाही. आठवडाभर ते कुणाला सांगितल्याशिवाय राहता येईल का, एवढाच आहे.

२०. महाराष्ट्रात असं काही आहे का? मी सुट्टीला तिकडे जाणार आहे.

वर्षानुवर्षं चालणारं असं निवासी शिबिर माझ्या माहितीत नाही, पण काम भरपूर आहे. परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून मुलं येतात आणि उपचार महिनोन् महिने चालतात. अशा कुटुंबांना मोफत राहायला देणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून मुंबईत आहे. तिथे मुलांबरोबर खेळायला, शिकवायला स्वयंसेवक लागतात. हिमोफिलियाच्या रुग्णसंघटना आणि मधुमेही मुलांना सांभाळणारे डॉक्टर अधूनमधून शिबिरं भरवतात. फक्त "मी आठ दिवस आहे, काहीतरी द्या" असं म्हणत जाऊ नका. आठ दिवस लळा लावून विमानात बसणाऱ्या पाहुण्यांचा तिथल्या मुलांनाही अनुभव आहे. त्यापेक्षा तिथे राहणाऱ्या तुमच्या बहिणीला दर शनिवारी जायला पटवा.

२१. सगळं ठरलं, आणि आदल्या दिवशी घसा खवखवायला लागला. थोडंसंच आहे. जाऊ ना?

नाही. लगेच फोन करून कळवा. ताप, जुलाब, अंगावर पुरळ, ओठावर फोड, यांतलं काहीही असेल तरी तेच. तुमची साधी सर्दी तिथल्या एखाद्या मुलाला आयसीयूत नेऊ शकते.

मी माझ्या पहिल्या उन्हाळ्यात हे केलं नाही. चार तास गाडी चालवत, खिशात खडीसाखर घेऊन गेलो. गेटवरच्या नर्सने दोन प्रश्न विचारले, घशात बॅटरी मारली आणि गाडी वळवायला सांगितली. माझ्या कॅबिनमध्ये त्या आठवड्यात एक माणूस कमी होता, आणि मी आदल्या दिवशी फोन केला असता तर त्यांना दुसरा मिळाला असता. पुढच्या जानेवारीत पुन्हा अर्ज भरला, त्यात "मागच्या वर्षी का आला नाहीत?" असा रकाना होता.